कडी पुढे हवी होती

कुत्र्यासाठी पट्टा विकत घ्यायच्या आधी तो आपल्या दंडावर चढवा आणि घरातल्या सगळ्यात दांडग्या माणसाला दुसरं टोक ओढायला सांगा. मग दुकानदाराशी घासाघीस करा. गेली आठ वर्षं नागपुरात दारोदार फिरून मी हे एकच वाक्य सांगत आले आहे. लोकांनी मला बह्याड म्हणजे वेडी म्हटलं, कुत्र्यांची मावशी म्हटलं, सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याच्या माळ्याने तर झाडांना पाणी घालता घालता नळी माझ्याकडे वळवली. मी सांगायची थांबले नाही. मात्र या दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तेव्हा ठरवलं, की इतरांच्या चुका पत्रकांतून भरपूर छापल्या, आता एक आपली छापावी. त्या चुकीपायी खापरखेड्याच्या मेश्राम सिस्टरांचा कुत्रा भुऱ्या जन्मभरासाठी साखळीला जाणार होता. तो गेला नाही. अजूनही ती गोष्ट आठवली की आधी सुटकेचा श्वास बाहेर पडतो, मग बाकीचं आठवतं.

आधी माझा धंदा काय ते सांगते, कारण पुष्कळांना हा धंदा आहे हेच माहीत नसतं. मी एका प्राणिदया मंडळात पगारी प्रचारक आहे. मंडळ म्हणजे एक खोली, एक सायक्लोस्टाइल मशीन, एक कपाट आणि माझी सायकल. बी.ए. झाल्यावर नोकरी मिळेना म्हणून गेले, आणि पहिल्याच आठवड्यात एका खेचराच्या पाठीवरची जखम बघून जी चिडले ती चिडलेलीच राहिले. मला कुणी हाताला धरून शिकवलं नाही. मंडळाकडे बाहेरून इंग्रजी पत्रकं यायची, त्यांचं मराठी करायचं, शाईने बोटं काळी करत छापायचं आणि वाटायचं, हेच माझं शिक्षण. पत्रकाची भाषा अंगात भिनली की माणूस घरीसुद्धा तसाच बोलायला लागतो. आई म्हणायची, "भाजीत मीठ कमी आहे असं सांग ना सरळ! उद्गारचिन्ह कशाला लावतेस?"

कुत्र्यांचं प्रकरण माझ्या वाट्याला आलं ते असं. तेव्हा नव्या वसाहतींमधून लोक अल्सेशियन, डॉबरमन पाळायला लागले होते. गावठी कुत्रा मोकळा फिरतो, त्याला फिरवायला न्यावं लागत नाही. बांधून ठेवलेला दांडगा कुत्रा मात्र दिवसातून दोनदाच फाटकाबाहेर पडतो आणि पडला की सुटतो. मालक मागून फरफटत जातो. म्हणून लोक बाजारात जाऊन काहीतरी 'जालीम' मागायचे.

बाजारात तीन प्रकार मिळायचे. एक साधा चामड्याचा पट्टा. दुसरी फासाची साखळी: एका टोकाच्या कडीतून तीच साखळी ओवलेली, कुत्र्याने ओढलं की गळ्याभोवती आवळत जाणारी. तिसरा काट्यांचा पट्टा, आतल्या बाजूला बोथट खिळे असलेला. या तिसऱ्यावर माझा विशेष राग. बेसा गावाच्या शिवारात मेंढरं बसवणारा एक धनगर मला भेटला होता. त्याच्या कुत्र्याच्या गळ्यातही खिळ्यांचा पट्टा होता, पण खिळे बाहेरच्या बाजूला. लांडगा नेहमी गळ्याला धरतो, म्हणून. मी त्याला सांगितलं, शहरात लोक हे खिळे आतून लावतात. तो म्हणाला, "मंग लांडगा कोन झाला, बाई?"

हे वाक्य मी पुढच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं. ते घेऊन जरीपटक्याच्या बाजारात गेले. तिथे कुलपं, साखळ्या, बादल्या, खिळेमोळे विकणारे एक शेठ होते. दुकानाच्या दारावर फासाच्या साखळ्यांचे घोस तोरणासारखे लटकलेले असत. मी भर गर्दीत एक साखळी काढली, आपल्या दंडावर चढवली आणि शेठना म्हटलं, "ओढा."

शेठ घाबरले. "ताई, दुकानात तमाशा नको. दोन गिऱ्हाईक उभे आहेत."

"त्यांनाही बघू द्या."

त्यांनी नुसतं ओढल्यासारखं केलं. तेवढ्यानेही वळ उठला. मी वळ गिऱ्हाइकांना दाखवला, पत्रकं वाटली आणि विजयी मुद्रेने निघाले. मागून शेठ एका गिऱ्हाइकाकडे बोट दाखवत म्हणाले, "एक बात सांगून जा. साखळी नको, काटे नको, बरोबर. पण याचा कुत्रा याला रोज नालीत पाडतो. मग याला देऊ काय?"

"प्रेम द्या," मी म्हणाले.

"किलोवर येते का मीटरवर?"

दुकान हसलं. मी रागाने सायकलवर टांग मारली. तो प्रश्न चेष्टेचा नव्हता, हे कळायला मला दोन वर्षं आणि खापरखेडा लागलं. दोन वर्षं मी लोकांना फक्त काय फेकायचं ते सांगत होते.

खापरखेड्याहून मंडळाला एक पोस्टकार्ड आलं. वीज केंद्राच्या कामगार वसाहतीतल्या एका क्वार्टरमध्ये कुत्र्याला फास लावतात, त्याच्या गळ्याला जखम झाली आहे, कोणी लक्ष देईल काय? खाली सही नव्हती. मी त्याच सकाळी एस.टी. पकडली. राखेने पांढरट झालेली झाडं, एकसारखी क्वार्टरं, प्रत्येकाच्या पुढे वाळत घातलेले शिफ्टचे कपडे. नंबर शोधला आणि फाटकातूनच हाक मारली. कुत्रा समोरच होता. अर्धा अल्सेशियन, अर्धा गावठी, भुऱ्या रंगाचा, डोक्याने घमेल्याएवढा. गळ्यातली साखळी जिथे बसते तिथले केस गेलेले आणि कातडी लाल. खोकला तर असा, की ऐकवत नव्हता.

दार उघडलं प्रकाशने. तिशीतला, केंद्रातच फिटर. मी पत्रक त्याच्या हातात दिलं आणि "तुम्हाला लाज कशी वाटत नाही" इथपासून बोलायला लागले. त्याने ऐकून घेतलं. मग घरात वळून म्हणाला, "आई, इकडं ये. तुहा हात दाखव यायले."

मेश्राम सिस्टर बाहेर आल्या. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. पांढरी सुती साडी, केस घट्ट बांधलेले आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"डुक्कर दिसलं त्याले," प्रकाश म्हणाला. "आईले घेऊन सुटला. मनगट मोडलं. तवा तुमचं पत्रक कुठं होतं, ताई?"

पत्रकात याचं उत्तर नव्हतं. मी उरलेली पत्रकं पिशवीत परत कोंबली.

"भांडता काहून रे सकाळी सकाळी?" सिस्टर म्हणाल्या. "जयभीम, पोरी. बस. पानी पी आधी. मंग भांड."

पाणी पिता पिता सगळं कळलं. भुऱ्याला सिस्टरांच्या यजमानांनी आणलं होतं. ते क्रेन चालवायचे. डब्याच्या पिशवीत घालून एवढंसं पिल्लू घरी आणलं आणि बायकोला म्हणाले, डब्यात आज हे आहे. ते गेल्यावर सिस्टरांना साखरेचा आजार लागला. डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं. एकटीने चालणं त्यांना जमेना, भुऱ्याबरोबर जमायचं. वसाहतीच्या फाटकापर्यंत जाऊन परत, रोज. पण भुऱ्या वाढत गेला आणि सिस्टर थकत गेल्या. मनगट मोडल्यावर प्रकाशने दोन गोष्टी केल्या. फासाची साखळी आणली, आणि जवळच्या एका कोळशाच्या डेपोवाल्याला शब्द दिला की तान्ह्या पोळ्याच्या दिवशी येऊन कुत्रा घेऊन जा. डेपोवर राखणीचा कुत्रा म्हणजे खांब, साखळी आणि बारा महिने कोळशाची धूळ. फिरवणं वगैरे काही नाही.

"मले का आनंद होते का?" प्रकाश म्हणाला. "बाबाचा कुत्रा हाय तो. पन उद्या आईचं खुब्याचं हाड मोडलं तं?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. हे मी आज लिहिते आहे. त्या दिवशी मी फक्त एवढंच म्हणाले, "पोळ्याला महिना आहे. महिन्यात हा ओढायचा थांबला तर?"

"तं राहू दे. माहं काय जाते?"

सिस्टर डाव्या हाताने भुऱ्याचा कान चोळत होत्या. त्याच वेळी मला कळलं की इथे पत्रक वाटून एस.टी.ने परत जाता येणार नाही.

आता माझी चूक.

आमच्याकडे एक परदेशी पत्रक होतं. त्यात लिहिलं होतं की गळ्यावर ताण देऊ नका, छातीभोवती बसणारा पट्टा वापरा. त्याखाली अंगठ्याएवढं चित्र. असा पट्टा नागपुरात मिळत नव्हता. मग मला सुचलं, घोड्याला छातीपट्टा असतो! स्टेशनजवळच्या टांगा अड्ड्यामागे बशीरचाचांचं दुकान होतं. तीन पिढ्यांचा घोड्यांचा साज शिवायचा धंदा. ऑटोरिक्षा आल्यापासून काम निम्म्यावर आलेलं. मी चित्र दाखवलं.

"घोडा केवढा?" त्यांनी विचारलं.

"घोडा नाही चाचा, कुत्रा."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुत्र्याले साज? काय ओढाले लावता त्याले?"

खरं तर माझ्या सगळ्या कहाणीचं उत्तर त्या प्रश्नात होतं. मी त्याला उत्तर दिलंच नाही. मी त्यांना कुत्र्याच्या श्वासनलिकेवर व्याख्यान दिलं. दहा मिनिटं. ते मान डोलवत राहिले, मग म्हणाले, "ठीक हाय बेटी. गळा सुटला पायजे, छातीवर जोर आला पायजे. बनवतो."

काय सुंदर काम केलं होतं! मऊ चामडं, आतून नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, म्हणजे कुठे काचू नये. छातीवर चार बोटं रुंद पट्टा, काखेमागून फिरवलेला दुसरा, आणि पाठीवर पितळेची कडी, दोरी अडकवायला. मी तो खापरखेड्याला नेला. सिस्टरांनी भुऱ्याच्या गळ्याची जखम धुऊन मलम लावलं, साखळी काढली आणि साज चढवला. भुऱ्याने अंग झाडलं. खोकला थांबला. मी प्रकाशकडे असं पाहिलं की जणू तो साज मीच शिवला.

त्यानंतर दोन दिवसांनी गेले तर सिस्टर बाहेर बाजेवर बसलेल्या, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, साडीच्या काठाला राख. प्रकाश फाटकातच उभा. त्याच्या हातात माझा साज.

"ताई," तो अगदी शांतपणे म्हणाला, "पह्यले हा ओढे तवा खोकला येऊन थांबे तरी. आता थांबतच नाई. आईले राखेच्या ढिगापर्यंत घेऊन गेला. हा साज घ्या आन तुम्ही भी जा. दोघंही फाटकाच्या बाहेर."

"प्रकाश, तिले आत तं येऊ दे," सिस्टर म्हणाल्या.

"नाई आई. हात गेला, गुडघे गेले. आता काय वाट पाह्यची?"

भुऱ्याच्या गळ्यात पुन्हा साखळी होती.

परतीच्या एस.टी.त मी साज मांडीवर घेऊन बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "बकरी घेतली का?" मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला दिसत होते ते सिस्टरांचे गुडघे. दुसरं हाड मोडलं असतं तर प्रकाश म्हणाला ते सगळं खरं ठरलं असतं, आणि मोडणारी मी.

स्टँडवरून थेट बशीरचाचांकडे गेले. चूक आपली असली की माणूस आधी दुसऱ्यावर ओरडतो, मीही ओरडले. "काय बनवून दिलं तुम्ही? कुत्रा दुप्पट ओढतो!"

चाचांनी चामडं टोचायची आरी खाली ठेवली. "मंग? ओढाचाच साज हाय तो."

"म्हणजे?"

"बेटी, घोड्याच्या गळ्यात दोर बांधून टांगा ओढाले लाव. गळा आवळन, दम लागन, अर्धी ताकद वाया. म्हनून आमच्या बापजाद्यांनी साज छातीवर आनला. छातीवर रुंद पट्टा, आत नमदा, मागं जोर. घोडा बिनधास जीव लावून ओढते. तू म्हने गळा सोड, छातीवर जोर दे. मी दिला. मी तुले इचारलं होतं, काय ओढाले लावतं?"

टांगेवाले बिड्या ओढत ऐकत होते. एक जण म्हणाला, "चाचा, बाई कुत्र्याचा टांगा काढून राहिली. स्टेशन ते बर्डी."

मला तिथेच रडू आलं असतं, पण टांगेवाल्यांसमोर नको म्हणून ते रागात बदललं. "मग थांबवायचं कसं ते सांगा!"

चाचा उठले. चामड्याची एक लांब वादी माझ्या हातात दिली. "कमरेभोवती बांध. गाठ पाठीमागं. आता पुढं चाल." त्यांनी मागून टोक धरलं. मी जोर लावला आणि हा सत्तरीचा माणूस माझ्यामागे दोन पावलं घसरत आला. "आता गाठ पुढं घे. पोटावर. चाल." ते पुन्हा मागे बाजूला उभे राहिले, टोक तेच, हात तोच. मी जोर लावला आणि गर्रकन फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. पुन्हा केलं. पुन्हा फिरले. जितका जोर लावावा तितकं लवकर तोंड मागे.

टांगेवाले आता हसत नव्हते.

"घोडा थांबते तो तोंडाकडून," चाचा म्हणाले. "मागून कितीही खेचा, तो वरचढ हाय. पुढचं अंग वळलं का ताकद गेली. कडीची जागा चुकली, बेटी. बस्स."

लोकांच्या दंडावर साखळी चढवून मी त्यांना दोन वर्षं जे शिकवत होते, ते पहिल्यांदा कुणीतरी माझ्या अंगावर करून दाखवलं होतं. चाचांनी तिथल्या तिथे पाठीवरची पितळी कडी उसवली, मेण लावलेल्या दोऱ्याने ती छातीच्या बरोबर मध्ये शिवली आणि दोरा दाताने तोडला. साज हातात देताना म्हणाले, "हे अर्धं काम. बाकीचं अर्धं तुमच्या पायात हाय. नव्या घोड्याले एकच गोष्ट शिकवा लागते, का धसमुसळेपना केला तं टांगा जागचा हलत नाई."

खापरखेड्याच्या फाटकावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रकाशला पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "चूक माझी होती. तुमची आई माझ्यामुळे पडली." पत्रकांत अशी वाक्यं नसतात, त्यामुळे ते बोलताना जीभ अडखळली. त्याने फाटक अर्धं उघडलं.

"पोळ्याला सोळा दिवस आहेत," मी म्हणाले. "ते सोळा दिवस द्या. आणि तोवर दोरी सिस्टरांच्या हातात जाणार नाही. ती मी धरीन. मला पाडू द्या काय पाडायचं ते."

"हे बरं हाय," तो म्हणाला. "तुमाले पाडलं तं मले भी पाह्यचं हाय."

आता सगळ्यांना उपयोगी पडणारं सांगते. कुत्रा का ओढतो? मी समजत होते, मस्ती. सिस्टरांनी नर्सच्या नजरेने दोन दिवस बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, त्याले ओढल्यावर झाड भेटते. म्हनून ओढते." फाटकासमोर एक कडुलिंब होता. भुऱ्या दोरी ताणून तिकडे धावायचा, मागचा माणूस धडपडत जायचा आणि झाड यायचं. म्हणजे रोज दोनदा, वर्षानुवर्षं, घरच्यांनीच त्याला शिकवलं होतं की ताणलं की मिळतं. मग शिकवायचं उलटं. दोरी ताणली की आपण खांब. ओरडायचं नाही, मागे खेचायचं नाही, कारण आपण खेचलं की तोही खेचतो. नुसतं उभं राहायचं. कडी छातीवर असल्याने तो वळून आपल्याकडे बघतो. दोरीला झोळ आला की लगेच पुढे पाऊल, आणि डाव्या गुडघ्याशी आला की भाकरीचा तुकडा. इतकंच. सगळी विद्या पोस्टकार्डावर मावेल. ती अंगात यायला मात्र पायांत गोळे येतात.

पहिल्या दिवशी क्वार्टरच्या पायरीपासून कडुलिंबापर्यंत, म्हणजे हाकेच्या अंतरावर, जायला पाऊण तास लागला. मी चालत कमी, उभी जास्त. शिफ्ट सुटून सायकलींवरून येणारे लोक थांबून बघत. "ताई, चावी संपली का?" एक जण ओरडला. शेजारच्या बाई पदराआड हसत सिस्टरांना म्हणाल्या, "काय वं सिस्टर, चौकात पुतळा बसवून राहिल्या का?"

"हो वं," सिस्टर म्हणाल्या. "हार घेऊन ये उद्या."

चौथ्या दिवशी पाऊण तासाची वीस मिनिटं झाली. पाचव्या दिवशी पुन्हा पाऊण तास. माझ्या लक्षात येईना. मग सिस्टरांनी मुलाकडून कबूल करवलं: सकाळच्या शिफ्टला जायच्या आधी प्रकाश भुऱ्याला घाईने झाडाशी नेऊन आणत होता. ओढत.

"एकानं झाड द्याचं आन एकानं नाई," सिस्टरांनी मुलाला बाहेर बोलावून सुनावलं, "मंग त्या मुक्या जनावरानं कोनाचं आयकाव? वार्डात एक सिस्टर औषध देते, दुसरी देत नाई, पेशंट बरा होईन का?"

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. "उभं राह्यचं फक्त?"

"फक्त."

त्याला ते सगळ्यात जड गेलं. ज्याचे हात दिवसभर पान्याने नट आवळतात त्याला काहीच न करणं शिकवणं कुत्र्याला शिकवण्यापेक्षा कठीण. पण उभा राहिला. ड्यूटीला उशीर होईल म्हणून अर्धा तास आधी उठायला लागला, हे मला त्याने सांगितलं नाही, सिस्टरांनी सांगितलं.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात सिस्टरांचं प्लास्टर निघालं. मनगट बारीक आणि पांढरं पडलं होतं. त्यांनी दोरी मागितली. मी नाही म्हणाले. प्रकाश नाही म्हणाला. त्यांनी आम्हा दोघांकडे इंजेक्शन देण्याआधी बघतात तसं बघितलं आणि दोरी घेतली, तीही त्याच हातात.

पोळा बैलांचा. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. त्या दिवशी वसाहतीतली पोट्टी लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. चाकांवरचे बैल, गळ्यात घुंगरं, शिंगांना बेगड. चारच्या सुमारास रस्ता नुसता खडखडाटाने भरला होता. डेपोवाला मोटरसायकलवर आला. जाडजूड माणूस, हँडलला नवी कोरी साखळी गुंडाळलेली. 

"कुठं हाय कुत्रा?" त्याने विचारलं.

"फिराले गेला," प्रकाश म्हणाला. "आईसंगं."

"बुढीसंगं? अन तू म्हने हाड मोडते तो."

आम्ही तिघं फाटकात उभे राहिलो. रस्त्याच्या टोकाला सिस्टर दिसल्या. त्यांच्या आणि आमच्या मध्ये पन्नास पोट्टी, पन्नास बैल, घुंगरं, एक पिपाणी. आणि मध्येच, जणू मुद्दाम पाठवल्यासारखं, नालीतून वर आलेलं एक डुक्कर.  प्रकाशचा हात फाटकाच्या कडीवर घट्ट आवळलेला.

भुऱ्याने डुक्कर पाहिलं. कान उभे झाले. दोरी ताणली गेली. सिस्टर थांबल्या. पोरांच्या गर्दीत पांढऱ्या साडीतल्या त्या नुसत्या उभ्या, हात पोटाशी, तोंडाने एक शब्द नाही. भुऱ्याने एकदा जोर लावला, छाती वळली, तोंड मागे आलं. त्याने डुकराकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. मग दोन पावलं मागे येऊन त्यांच्या डाव्या गुडघ्याशी उभा राहिला. दोरीला झोळ आला. सिस्टर चालायला लागल्या. एका पोट्ट्याने आपला लाकडी बैल भुऱ्याच्या अगदी नाकाखालून नेला. त्याने तो हुंगला आणि पुढे आला.

फाटकापाशी येऊन सिस्टर म्हणाल्या, "कोन पाव्हणे हायेत, प्रकाश?"

डेपोवाला भुऱ्याकडे बघत होता, तोंड आंबट करून. "हा?" तो म्हणाला. "मले राखनीले जनावर पायजे. हा तं भजनाले बसवाच्या कामाचा हाय. पोट्टे नाकाशी बैल नेऊन राहिले, अन हा साधा गुरगुरत नाई! ठेवा तुमचा तुमच्यापाशी."

त्याने साखळीची गुंडाळी सरळ केली आणि गाडीला किक मारली.

प्रकाश हसायला लागला. फाटकाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग आईच्या हातातून दोरी घ्यायला गेला, "दे, दमली असशीन," आणि सिस्टरांनी हात मागे घेतला. "झाडापाशी जाचं राह्यलं त्याचं," म्हणाल्या, आणि आल्या तशाच, सावकाश, कडुलिंबाकडे वळल्या. फासाची साखळी त्यांनी पुढे पाण्याची बादली नळाला अडकवायला वापरली. मी ती मागितली होती, लोकांना दाखवायला. दिली नाही. म्हणाल्या, "चांगली हाय वं, बादलीले."

त्यानंतर मी आमचं पत्रक पुन्हा लिहिलं. 'फेका' हा शब्द एकदाच आला आणि त्याखाली साजाचं मोठं चित्र, कडीवर बाण. ते घेऊन जरीपटक्याच्या शेठकडे गेले. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं, आणि म्हणाले, "आता आली कामाची गोष्ट." शेठ अजूनही साखळ्या विकतात, हेही लिहायला हवं. पण शेजारी बशीरचाचांचे चार साज टांगलेले असतात, आणि गिऱ्हाइकाने 'जालीम' मागितलं की ते आधी साज दाखवतात.

मात्र तान्ह्या पोळ्याच्या त्या दिवशी स्टँडवर उतरले तेव्हा घरी न जाता मी थेट टांगा अड्ड्यामागे गेले होते. चाचा दुकान आवरत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं: बैल, पोरं, डुक्कर, डेपोवाला, सिस्टरांचा तो मोडलेला हात. ते ऐकत होते की नाही कोण जाणे, आरीला तेल लावत होते. शेवटी मान वर करून त्यांनी एकच विचारलं.

"टाका तं नाई उसवला, बेटी?"

"कसा उसवेल चाचा? त्याच्यावर जोर आला तो एकदाच."

"मंग ठीक," चाचा म्हणाले, आणि आरी डब्यात ठेवून दिली.